पाटीत बसून उतरलेला प्रेषित

करिंथकरांस पाठवलेल्या दुसऱ्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल आपल्या अंगावरचे वळ मोजू लागतो. स्वतःच्या यहूदी बांधवांकडून पाच वेळा एक कमी चाळीस फटके, तीनदा रोमी छड्यांचा मार, एकदा दगडमार, तीन वेळा फुटलेले तारू आणि एक अख्खी रात्र, एक अख्खा दिवस भर समुद्रात. नोंदी कोरड्या आहेत. कुठे विशेषण नाही, कुठे हाय नाही. घाईने वाचणारा माणूस ‘बिचाऱ्याने किती सोसले’ असे म्हणून पुढच्या ओळीवर जातो. आपल्याला मात्र घाई नाही, तेव्हा पहिल्याच नोंदीपाशी जरा रेंगाळू. चाळिसातला तो एक फटका कमी का? मोशेच्या नियमशास्त्राने अपराध्याला चाळीसच्या वर फटके मारू नयेत अशी मर्यादा घातली होती. मोजणाऱ्याची चूक होऊन देवाची आज्ञा मोडू नये, म्हणून हात एकोणचाळिसावर थांबवण्याचा प्रघात पडला. इतकी धर्मभीरू, इतकी काटेकोर ती शिक्षा होती, आणि ती सभास्थानातल्याच माणसाला होत असे. ज्याने समाजाशी नाते तोडले त्याला तिथे जाऊन पाठ उघडी करण्याचे कारणच नव्हते. पौलाने ती पाच वेळा केली. म्हणजे मार खाऊनही तो पुन्हा आपल्याच लोकांच्या दारी गेला, पुन्हा बोलला, पुन्हा बांधला गेला. त्या ‘पाच’ या आकड्यात मला त्याच्या पाठीपेक्षा त्याचे मन अधिक दिसते. दुरावलेल्या आप्तांचा उंबरठा न सोडणारे, हट्टी, प्रेमळ मन.

मग ती तीन तारवे. प्रेषितांच्या कृत्यांत लूकने पौलाच्या प्रवासांचे मोठे रसाळ वर्णन केले आहे, आणि माल्टा बेटाजवळच्या जहाजफुटीला तर तिथे जवळजवळ एक सबंध अध्याय मिळाला आहे. वारा कुठून सुटला, नांगर किती टाकले, सारे काही त्यात आहे. पण ती दुर्घटना या पत्रानंतरची. इथे उल्लेखलेल्या आधीच्या तिन्ही जहाजफुटींची हकिगत कोणीच, कुठेच सांगितलेली नाही. कोणता समुद्र, कोणता ऋतू, सोबत कोण होते, कोणत्या फळकुटाला धरून ती रात्र काढली, यातले आपल्या हाती काहीही नाही. एका माणसाच्या आयुष्यातला मृत्यूच्या तोंडातला एक दिवस इथे अर्ध्या ओळीत येतो आणि जातो. सोसलेल्या बहुतेक गोष्टींचे असेच होते. त्यांना लूक मिळत नाही. एखाद्या पत्रात त्या ओझरत्या येतात, बहुधा तेवढ्याही येत नाहीत.

ही यादी त्याने हौसेने केलेली नव्हती, हे ध्यानात घेतले तर तिची चव वेगळीच लागते. करिंथ हे नव्याने श्रीमंत झालेले शहर. इ. स. पूर्व १४६ मध्ये रोमी सैन्याने ते जमीनदोस्त केले, आणि इ. स. पूर्व ४४ मध्ये जूलियस सीझरने ते पुन्हा वसवले तेव्हा तिथे आलेल्या वसाहतकऱ्यांत गुलामीतून मुक्त झालेल्यांचा भरणा मोठा होता. पूर्वेला किंख्रिया आणि पश्चिमेला लेखायोन अशी दोन बंदरे, त्यांतून वाहणारा व्यापार, चौकाचौकात पुतळे आणि पुतळ्यांखाली देणगीदारांची नावे. शून्यातून वर आलेल्या माणसाला आपली पायरी जगाला दाखवावीशी वाटते, आणि या शहराच्या हवेतच ती ओढ होती. अशा ठिकाणी पौल इ. स. ५० च्या सुमारास आला, अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या दांपत्याबरोबर तंबू करण्याच्या धंद्यात हात घालून दीड वर्ष राहिला, आणि मंडळीकडून त्याने मानधन घेतले नाही. तो गेल्यावर दुसरे उपदेशक आले. त्यांच्याजवळ शिफारसपत्रे होती, वक्तृत्व होते, दर्शनांच्या आणि साक्षात्कारांच्या कथा होत्या. लोक तुलना करू लागले: पौलाची पत्रे वजनदार खरी, पण माणूस समोर उभा राहिला की अगदीच सामान्य. फुकट शिकवतो, म्हणजे शिकवणीला किंमत ती काय असणार!

हे सारे कानांवर आले तेव्हा पौल मासेदोनियात होता. आशियात त्याच्यावर असे काही ओढवले होते की त्याने जगण्याची आशा सोडली होती. त्याआधी करिंथकरांना एक पत्र त्याने रडत रडत लिहिले होते. आणि त्या पत्राचा काय परिणाम झाला हे सांगायला त्याचा सहकारी तीत कधी येतो, याची वाट पाहताना त्रोवसमध्ये काम चालून आले असतानाही त्याचे चित्त तिथे ठरेना. या पत्रात हे सगळे तो कबूल करून टाकतो. मला या पत्राचा जिव्हाळा वाटतो तो इथेच. रोमकरांस लिहिलेल्या पत्रातला पौल विचारांचे भव्य मंदिर बांधतो. इथला पौल वाटेकडे डोळे लावून बसतो, दुखावला जातो, रागावतो, मग रागाबद्दल ओशाळतो, आणि शेवटी ‘मी मूर्खासारखा बोलतो आहे’ अशा अर्थाची वारंवार कबुली देत आपली योग्यता सांगायला तयार होतो. योग्यता म्हणून तो काय सांगतो, ते आपण पाहिलेच: वळ. रोमी जगात थोरामोठ्यांच्या कर्तृत्वाच्या आकडेवार याद्या दगडात कोरल्या जात. सम्राट ऑगस्टसने आपल्या विजयांची, दानांची आणि मानसन्मानांची अशीच यादी करून ठेवली होती, आणि तिच्या प्रती साम्राज्यात कोरल्या गेल्या. पौल तोच घाट उचलतो आणि त्यात पराभव भरतो.

नोंदींची लयही ऐकण्याजोगी आहे. फटके आणि तारवे मोजून झाली की आकडे संपतात आणि संकटांची एक माळ सुरू होते: नद्यांवरची, लुटारूंची, स्वजनांची, परक्यांची, नगरातली, रानातली, समुद्रावरची. सात मणी झाले आणि आठवा आला तो खोट्या बंधूंचा. नदी, चोर, समुद्र हे सारे बाहेरचे होते. शेवटचा घाव घरातला आहे, आणि तो शेवटी आहे यातच त्याची खोली कळते. त्यानंतर श्रम, जागरणे, भूक, तहान, थंडी, उघडेपण. आता याहून मोठे काय उरले असेल अशी आपली अपेक्षा ताणलेली असताना पौल सांगतो की हे बाकीचे सोडा, रोज माझ्यावर येणारे दडपण आहे ते सगळ्या मंडळ्यांच्या काळजीचे.

या ओळीपाशी मी नेहमी थांबतो. दगडमाराच्या आणि समुद्राच्याही पुढे, यादीच्या टोकाला, त्याने ठेवली आहे रोजची काळजी. ती कसली, हे आपल्याला पहिल्या पत्रावरून नीट माहीत आहे. कोणी भावाभावांतला तंटा सरकारदरबारी नेला आहे. प्रभुभोजनाला जमल्यावर सुखवस्तू लोक आधी जेवून घेतात आणि कष्टकरी उपाशी राहतात. कोणी या गुरूचा, कोणी त्या गुरूचा म्हणून तट पडले आहेत. कोणाचे मन दुबळे आहे आणि दुसऱ्याच्या बेफिकिरीने ते कोलमडले आहे. यात वीरश्री कसलीच नाही. हुतात्म्यांच्या चित्रांत या गोष्टी कोणी रंगवत नाही. घरात आजारी माणूस असलेली बाई, लेकाच्या नोकरीच्या विवंचनेत कूस बदलणारा बाप, गावच्या छोट्या मंडळीत दोन घरांचे वैर मिटवता मिटवता थकलेला पाळक यांची दुःखेही याच जातीची आहेत. एका घावात न तोडणारी, पण रोज उठून दाराशी उभी राहणारी. पौलाने त्यांना समुद्राच्या रांगेत बसवले, किंबहुना समुद्राच्याही वरचे स्थान दिले. कोण दुबळा झाला आणि मी दुबळा झालो नाही, असे तो पुढे विचारतो तेव्हा श्रद्धेची वाढ कशाला म्हणायचे याचा अंदाज येतो. त्याची कातडी निबर झालेली नाही. इतके सोसूनही ती दुसऱ्याच्या दुखण्याला अधिकच हुळहुळी झाली आहे.

थंडी आणि भूक या शब्दांवर मराठी वाचकाने आणखी एक क्षण थांबावे, कारण हा मजकूर मूळ ग्रीकवरून मराठीत आणणाऱ्यांपैकी एका व्यक्तीने ती भूक आणि ती थंडी अंगावर काढली होती. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात पंडिता रमाबाईंचे आईवडील गेले, थोरली बहीण गेली. मग त्या आणि भाऊ श्रीनिवास अनवाणी, अर्धपोटी हिंडत राहिले. उत्तरेत झेलम नदीकाठी थंडीच्या रात्री पांघरूण नव्हते म्हणून दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली, असे त्यांनीच पुढे आपल्या साक्षीत लिहून ठेवले आहे. केडगावच्या मुक्ती सदनात शेकडो निराधार बायकामुलींचा रोजचा संसार ओढत, कानांनी ऐकू येईनासे झालेले असताना, त्यांनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२१ मध्ये मनोरमा ही एकुलती एक लेक गेली, १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या, आणि सबंध ग्रंथ छापून बाहेर पडला तो त्यानंतर. पौलाच्या यादीतली ही ओळ उतरवताना त्यांचा हात क्षणभर थबकला असेल का, हे कोणी सांगू शकणार नाही. पण रोजची काळजी समुद्राहून मोठी असते ही गोष्ट त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती, एवढे खास.

आता ती पाटी. यादी संपली, दुर्बळतेचाच अभिमान बाळगीन असे पौलाने म्हटले, देवाला साक्षी ठेवून झाले, आणि मग अचानक, काही संबंध नसल्यासारखी, एक जुनी आठवण येते. दिमिष्कात अरीतास राजाच्या अधिकाऱ्याने त्याला धरण्यासाठी पहारा बसवला होता; तेव्हा तटाच्या एका खिडकीतून त्याला पाटीत बसवून दोराने खाली सोडले, आणि तो निसटला. बस्स, इतकेच. कित्येक वाचकांना हा प्रसंग इथे अस्थानी वाटतो. मला तो या पत्राचा कळस वाटतो. रोमी सैन्यात शत्रूच्या तटावर सर्वांत आधी चढून जाणाऱ्या शिपायाला सोन्याचा मुकुट मिळत असे, तटाच्या कंगोऱ्यांच्या आकाराचा, आणि तो फार मोठा मान होता. करिंथ ही रोमी वसाहत. तिथल्या लोकांना हा मान ठाऊक असणार. त्यांना पौल सांगतो आहे की तटाशी माझाही संबंध आला आहे, मी तो उतरलो आहे, रात्रीच्या अंधारात, बाजारहाटाच्या मालासारखा पाटीत बसून. ही त्याच्या प्रेषितपणाच्या अगदी आरंभीची गोष्ट. याच दिमिष्काकडे तो काही काळापूर्वी अधिकारपत्रे घेऊन, ख्रिस्ताच्या लोकांना बांधून आणायला, ताठ मानेने निघाला होता. त्या शहराकडे निघालेला पूर्वीचा शौल आणि त्याच शहरातून गुडघे दुमडून पाटीत मावलेला पौल, ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहा. त्याचे वाढणे खालच्या दिशेने सुरू झाले.

आणि ही पाटी जमिनीला टेकते न टेकते तोच पुढच्या ओळीत तो आपल्याला तिसऱ्या स्वर्गात नेतो! लेखक म्हणून त्याची ही केवढी मोठी झेप. पण तिथेही पाहा, गोष्ट कशी सांगितली आहे. चौदा वर्षांपूर्वी ख्रिस्तातला एक माणूस वर उचलला गेला. देहासह की देहाविना, मला ठाऊक नाही, देवाला ठाऊक. त्याने जे ऐकले ते उच्चारता येणारे नाही. झाले. स्वतःचा सर्वांत उदात्त अनुभव त्याने तृतीयपुरुषी सांगितला, कोणा परक्या माणसाचा असावा तसा. पाटीतला माणूस मात्र ‘मी’ होता. अपमानाच्या वेळी ‘मी’ आणि गौरवाच्या वेळी ‘कोणी एक’, ही सर्वनामांची अदलाबदल मोठमोठ्या उपदेशांपेक्षा अधिक काही सांगून जाते. प्रतिस्पर्धी ज्या साक्षात्कारांच्या बळावर मिरवत होते, तसा साक्षात्कार आपल्यालाही झाला आहे हे तो सांगतो, आणि ऐकायला जमलेल्यांच्या हाती त्यातला एक शब्दही पडू देत नाही.

त्यांना मिळतो तो काटा. देहात एक काटा दिला गेला, एवढेच तो म्हणतो. तो काटा म्हणजे काय, यावर शतकानुशतके तर्क चालले आहेत. गलतीकरांच्या पत्रात आजारपणाचा उल्लेख आहे, तुम्ही मला आपले डोळेही काढून दिले असते असे उद्गार आहेत, म्हणून कोणी डोळ्यांचे दुखणे म्हणतात; कोणी हिवताप, कोणी फेफरे, कोणी छळणारा विरोधक. मला वाटते, हा शोध थांबवलेला बरा. पौलाने जागा मोकळी सोडली आहे, आणि त्या मोकळ्या जागेत प्रत्येक वाचणाऱ्याने आपापले दुखणे ठेवले आहे. त्याने नाव लिहिले असते तर ते त्या एका रोगाच्या लोकांचे शास्त्रवचन झाले असते.

पण काट्याच्या प्रसंगातला माझा सर्वांत आवडता तपशील वेगळाच आहे. तो काटा काढून टाकावा म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनवले. सोसण्याचा गौरव करणारी पुष्कळ भाषणे हा आकडा ओलांडून थेट उत्तराकडे धाव घेतात. दुखणाइताच्या उशाशी बसून ‘देवाची इच्छा’ असे पहिल्याच दिवशी सांगणाऱ्या भल्या माणसांना हा आकडा दाखवावासा वाटतो. पौलाने दुःखाला लगेच कवटाळले नाही. नको म्हणाला, पुन्हा नको म्हणाला, तिसऱ्यांदाही नको म्हणाला. आणि गेथशेमाने बागेत येशूनेही प्याला दूर व्हावा म्हणून तीनदाच प्रार्थना केली होती, हे त्याला ठाऊक असो वा नसो, आपल्याला ते आठवल्यावाचून राहत नाही. म्हणजे मागणे हीसुद्धा श्रद्धाच होती. मग जे उत्तर मिळाले ते असे की काटा राहील, पण कृपा पुरेल. सामर्थ्य पूर्णत्वाला जाते ते दुबळेपणातच. प्रार्थना ऐकली गेली आणि मागितलेले मिळाले नाही, ही दोन्ही विधाने इथे एकाच वेळी खरी आहेत. त्या दोहोंमध्ये उभे राहायला शिकणे हे एका दिवसाचे काम नव्हे, आणि पौलाला त्यासाठी किती काळ लागला हे त्याने सांगितलेले नाही. आपण हे पत्र वाचतो तेव्हा काटा तिथेच आहे.

इथून मागची पाने उलटून चौथ्या अध्यायाकडे यावे, म्हणजे तिथली प्रसिद्ध प्रतिमा नव्याने उजळते. देवाने अंतःकरणात प्रकाश पाडला आहे असे सांगून पौल लगेच म्हणतो, ही संपत्ती आमच्याजवळ मातीच्या भांड्यांत आहे. करिंथ काशासाठी नावाजलेले होते. करिंथी काशाची भांडी रोममधले धनिक मोठ्या किमतीला घेत. तिथल्या लोकांना लिहिताना त्याने माती निवडली. काशाचे भांडे विटाळले तर घासूनपुसून पुन्हा घेता येते, मातीचे मात्र फोडूनच टाकावे, असा लेवीय ग्रंथाचा नियम. परूश्यांच्या कडक शिस्तीत वाढलेल्या पौलाच्या मनात तो असणारच. मातीचे भांडे तडकले तर त्याला डाग देता येत नाही. दिवेही मातीचेच असत, आणि ते करिंथमध्येही बनत. गिदोनाच्या तीनशे माणसांनी मडक्यांत मशाली लपवल्या होत्या आणि मडकी फुटली तेव्हाच उजेड बाहेर पडला, हेही ज्याला आठवेल त्याला आठवो. पुढे चार जोड्या येतात, दडपणाच्या, गोंधळाच्या, छळाच्या, पाडाव झाल्याच्या. प्रत्येक जोडीच्या पूर्वार्धात संकट जसेच्या तसे मान्य केलेले आहे, उत्तरार्धात फक्त त्याची हद्द दाखवली आहे. संकट नाहीच, असे त्याने एकदाही म्हटलेले नाही.

याच अध्यायाच्या शेवटी ते वाक्य आहे ज्यात बाहेरचा माणूस झिजत जातो आणि आतला रोज नवा होत जातो. इथे ‘रोज’ आहे, आणि सात अध्याय पुढे काळजीच्या दडपणाजवळही ‘रोज’ आहे. ही दोन ठिकाणे एकमेकांसमोर ठेवली की या पत्राचा आतला श्वास ऐकू येतो. नवेपण वर्षातून एकदा सणासारखे येत नाही. काळजी ज्या पावलांनी येते त्याच पावलांनी, तितक्याच नित्यनेमाने, तेही येते. सकाळी दोघेही दाराशी असतात. पुढे तो आपल्या संकटाला क्षणिक आणि हलके म्हणतो. हे दुसऱ्या कोणी एखाद्या पिडलेल्या माणसाला सुनावले असते तर ते क्रूर ठरले असते. पण ज्याच्या पाठीवर जवळजवळ दोनशे फटक्यांचा हिशेब आहे त्याने ते स्वतःच्या दुःखाबद्दल म्हटले आहे, आणि गौरवाच्या भाराशी तोलून म्हटले आहे.

मग पाचव्या अध्यायात तंबू येतो, आणि तंबू शिवणाऱ्याचे हात दिसतात. देह हा आपला पृथ्वीवरचा तंबूरूपी निवास, तो मोडला तरी देवाने दिलेले घर आहे. राठ कापड, जाड दोरा, सुईने भोके पडलेली बोटे यांत वर्षे काढलेल्या माणसाला तंबू किती दिवस टिकतो, कुठे आधी विरतो, पावसात कसा जड होतो, हे नेमके ठाऊक होते. तरीही तो तंबूचा तिरस्कार करत नाही. उघडे पडण्याची आपली इच्छा नाही, वरून आणखी पांघरावे अशी आहे, असे तो म्हणतो. कण्हतो, पण जुने वस्त्र फेकून देत नाही. झिजणाऱ्या देहाविषयीची ही माया मला त्याच्या स्वर्गारोहणाहून अधिक जवळची वाटते.

या पत्राचे करिंथमध्ये काय झाले? उत्तराची प्रत कुठे उरलेली नाही. पण लूक सांगतो की पौल त्यानंतर ग्रीसमध्ये येऊन तीन महिने राहिला, आणि याच मुक्कामात त्याने रोमकरांस पत्र लिहिले असे बहुतेक अभ्यासक मानतात. तर्तियाने ते लिहून घेतले. गायस यजमान होता, आणि सगळ्या मंडळीचाही पाहुणचार तोच करत असे. संकटातून धीर, धीरातून पारखलेले मन आणि त्यातून आशा, ही साखळी त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. ज्या गावाने त्याला सामान्य ठरवले होते त्या गावातल्या एका घरात ती सांगितली गेली. आणि पंधराव्या अध्यायात पौल सहज कळवतो की मासेदोनिया व अखया इथल्या मंडळ्यांनी यरुशलेमेतल्या गरिबांसाठी आपण होऊन वर्गणी काढली आहे, आणि ती पोहोचवायला तो आता निघाला आहे. करिंथ तेव्हा अखयातच येत असे.